आजीआजोबांची चित्रपुस्तके आणि घरच्या आठवणी

पहिली ते तिसरीच्या मुलांना आजीआजोबांची चित्रपुस्तके वाचून दाखवताना मजकुराआधी चित्र वाचायचे असते. मुलांना सतरंजीवर अगदी जवळ बसवावे, पुस्तक त्यांच्याकडे तोंड करून धरावे आणि पान उलटायची घाई करू नये. आजीच्या खाटेखालचा तांब्या मुले गुरुजींच्या आधी हेरतात. ‘आमची आजीपण...’ असे कुणी म्हटले, की खरे वाचन सुरू झाले.

मराठीत माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही मालिका यासाठी हाताशी आहे. लेखन त्यांचे, चित्रेही त्यांचीच. आठवण हाच विषय असलेले एक गाजलेले पुस्तक मात्र ऑस्ट्रेलियातले आहे. १९८४ साली आलेल्या या पुस्तकाच्या लेखिका मेम फॉक्स, चित्रकार ज्युली व्हिव्हस. शेजारच्या वृद्धाश्रमातल्या ९६ वर्षांच्या बाईंची आठवण हरवत चालली आहे, हे एका लहान मुलाच्या कानावर येते. तो शिंपले, पदक, चेंडू, कोंबडीचे ताजे अंडे असे काहीबाही टोपलीत भरून नेतो. एकेक वस्तू हातात घेताच बाईंना एकेक गोष्ट आठवत जाते.

धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या वाशीकडच्या मुलांना वृद्धाश्रम परका वाटेल. बालाघाटाच्या या पट्ट्यात आईवडील ऊसतोडीला गेले, की कित्येक मुले आजीआजोबांपाशीच राहतात. वेणी, दप्तर, ताप, सारे आजीच्याच अंगावर. तेव्हा गोष्टी सांगणारी प्रेमळ म्हातारी एवढेच चित्र या मुलांना पुरत नाही. थकलेली, चिडलेली, हिशोब करणारी आजीही पुस्तकात हवी. तशी पुस्तके अजून फार थोडी आहेत.

टोपलीची युक्ती मात्र इथेही चालते. ‘जुनं काही सांगा’ म्हटले, की म्हातारी माणसे ‘काय सांगायचं बाबा’ म्हणून गप्प होतात. तेच येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत वेचलेला चुनखडीचा खडा किंवा खव्याच्या भट्टीवरचे उलथणे हाती दिले, की बोलू लागतात. १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी आणि तांबडी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढलेली पिढी आता सत्तरीपलीकडे गेली आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा भूकंप तर पन्नाशीतल्या आजीलाही आठवतो.

विसरण्याविषयीही मुलांशी बोलावे. विस्मरणाच्या आजारात बहुधा ताजी आठवण आधी जाते, जुनी बरीच टिकते. म्हणून सकाळची भाकरी विसरलेल्या आजोबांना लहानपणीची विहीर पायऱ्यांसकट आठवते. एवढे कळले, तरी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसणारी पोरे थबकतात.

अशी पुस्तके घरापर्यंत न्यायची एक वाट शाळेच्या बक्षिसांतून जाते. स्नेहसंमेलनातल्या ढाली आणि प्याले शाळेच्या नाहीतर घरच्या कपाटात जातात. शाळांनी लहान गटाच्या बक्षिसांत यंदापासून एकेक चित्रपुस्तक द्यावे, आणि ते घरी आजीला दाखवायला सांगावे. तिला वाचता येत नसले, तरी चित्रे पाहता येतात.