पायाखालचा माणूस



जुन्या गोव्याच्या धक्क्यावर तुम्ही माशांच्या पाट्या घेऊन कितीदा उतरला असाल. तिथली व्हाइसरॉयची कमान तुमच्या ओळखीची आहे. फ्रान्सिस्को द गामा 1597 साली व्हाइसरॉय होऊन आला आणि पणजोबा वास्को याच्या स्मरणार्थ त्याने ती उभारली. 1954 साली ती पुन्हा बांधली गेली. एका बाजूला वास्कोचा पुतळा आहे. दुसऱ्या बाजूला एक बाई उभी आहे आणि तिच्या पायाखाली माणूस पडला आहे.

ती संत कॅथरीन. तिच्या सणादिवशी, 25 नोव्हेंबर 1510 रोजी, आल्बुकेर्कने गोवा घेतला. युरोपातल्या चित्रांत तिच्या पायाखाली तिचा छळ करणारा रोमन बादशहा असतो. इथल्या माणसाला पुष्कळ जण आदिलशहा म्हणतात.

सहलीत एका मुलाने मला विचारले, "मास्तर, हा कोण?"

मी म्हटले, "हरलेला राजा."

"मग आपण कोण?"

मला उत्तर सुचले नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्या देवीच्या पायाखालीही महिषासुर आहे. खरे आहे. पण महिषासुर हा कोणा एका मुलखाचा माणूस नव्हे. कमानीवर मात्र अख्खा मुलूख पायाखाली घातला आहे.

दुसरी तऱ्हा याहून गोड आहे. 1778 साली स्पिरिडिओने रोमा या चित्रकाराने लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीच्या छतासाठी एक चित्र काढले. ब्रिटानिया उंच खडकावर बसली आहे आणि खालून हिंदुस्थान तिला रत्ने देतो आहे. जणू राजीखुशीची भेट! त्याआधी 8 वर्षे, 1770 साली, कंपनीच्याच अमलात बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली होती. कुळाने भाटकाराच्या ओट्यावर खंडाचे भात ओतले, तर त्याला आपण नजराणा म्हणू काय?

पुढे मी इंदूरला गेलो, तेव्हा छत्रीबागेत होळकरांच्या छत्र्या पाहिल्या. होळकरांनी लढाया काय थोड्या मारल्या? पण आपल्या मृतांची आठवण ठेवताना हरलेल्याला पायाखाली घातलेले मला तिथे दिसले नाही. तेव्हा त्या मुलाची आठवण झाली. मोठेपण असेही सांगता येते.

कमान फोडू नका; ती पुरावा आहे. मुलांना तिथे न्या आणि सांगा, "बाळा, हे आपले चित्र नव्हे. आपल्याकडे कसे पाहिले गेले, त्याचे हे चित्र आहे."

त्या दिवशी मी हेच सांगायला हवे होते.