खुर्चीला काय जोडायचं, हे कोण ठरवणार?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

मैत्रिणींनो,

मला विषय दिला होता ‘अपंग स्त्रीचं सक्षमीकरण’. एवढा मोठा शब्द मला पेलत नाही. म्हणून आज मी फक्त चाकाच्या खुर्चीबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही खुर्चीला ज्या वस्तू जोडाव्या लागतात त्यांच्याबद्दल. उशी, हात, पिशवी, पट्टा, फळी. तुम्हाला वाटेल, ही काय बाजारहाटाची गोष्ट झाली! पण घरात कोणती वस्तू कुणाच्या पसंतीने येते हा प्रश्न आपण चुलीपासून पलंगापर्यंत विचारत आलो आहोत. तो खुर्चीपाशी का थांबावा?

मी खुर्चीत बसायला लागले त्याला बावीस वर्षं झाली. माझ्या कमरेखाली संवेदना नाही. पहिली खुर्ची भावाने आणली. दुकानदाराने आग्रह करून तिच्याबरोबर रबराची हवा भरायची रिंग, पाठीमागे अडकवायची मोठी पिशवी आणि रेक्झिनचं चकचकीत कव्हर दिलं. माझं माप कुणी घेतलं नाही. मी शेजारच्या खोलीत पलंगावर होते, पण मला विचारावं असं कुणाला सुचलंच नाही. यात दुष्टपणा नव्हता, हे मुद्दाम सांगते.

त्या रिंगेने मला चार महिने पालथं झोपवलं. हवेची रिंग दिसायला मऊ असते, पण शरीराचा भार तिच्या कडेवर गोलाकार पडतो, तिथला रक्तपुरवठा दबतो आणि मधली कातडी ताणली जाते. संवेदना असलेली बाई अस्वस्थ होऊन बूड हलवते. मला कळतच नव्हतं. आईने अंघोळ घालताना पाहिलं तेव्हा रुपयाएवढा काळा डाग होता, आणि आत जखम कितीतरी खोल गेली होती. अशा जखमेतून विष रक्तात भिनून माणसं मरतात. म्हणून पैसे थोडे असतील तर ते आधी उशीवर घाला, बाकी सगळं नंतर.

उशी कशी पारखायची? तिच्यावर दहा मिनिटं बसा आणि मैत्रिणीला बसायच्या हाडाखाली हात घालायला सांगा. हाडाखाली निदान इंचभर फोम शिल्लक लागला पाहिजे. बोटं थेट खालच्या कापडाला टेकत असतील तर ती उशी मेली, मग वरून कितीही गुबगुबीत दिसो. फोम झिजतो, तेव्हा हीच परीक्षा दर महिन्या-दोन महिन्यांनी करा. वर रेक्झिन नको, आपल्या हवेत घाम धरतं. सुती खोळ, तीही दोन, म्हणजे पाळीच्या दिवसांत किंवा लघवी झिरपली तर एक धुता येते. फोम भिजू नये म्हणून खोळीच्या आत प्लास्टिक घातलं तर ते सैल असू द्या. ताणून बसवलं की फोम दबतच नाही. डेव्हिड वर्नर यांचं ‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन’ हे १९८७ सालचं पुस्तक आहे. मेक्सिकोतल्या खेड्यात अपंग माणसांनीच चालवलेल्या कामातून ते उभं राहिलं. त्यात सायकलच्या जुन्या ट्यूबची उशी करायची रीतही दिली आहे. मात्र कोणतीही उशी घेतली तरी दर पंधरा मिनिटांनी, अर्ध्या तासाने पुढे वाकून किंवा हातांवर रेटून भार हलवायचाच, आणि रोज रात्री हातआरशात कातडी बघायची. तेवढा हातआरसा मी खुर्चीच्या सामानातच धरते.

आता जी गोष्ट सांगायला मी खरं म्हणजे आले ती सांगते. आमच्या गटातली एक जण. नाव नको. तिच्या खुर्चीचे हात पक्के, जोडकाम करून बसवलेले. ते निघत नाहीत म्हणून तिला बाजूला सरकून पलंगावर वा कमोडवर जाता येईना, कुणीतरी उचलावं लागे. सासू थकलेली, जाऊ कामावर जाणारी, नवरा पाळीवर. तेव्हा दीर उचलायचा. उचलताना त्याचे हात कुठे जायचे ते मी इथे सांगत बसत नाही, तुम्हाला कळलं आहे. तिने उपाय काय काढला? सकाळी दहानंतर पाणी प्यायचं बंद केलं. लघवीला जायलाच नको! तिला वरचेवर ताप येई, लघवीत जंतू निघत, डॉक्टर गोळ्या देत. दोन वर्षं हे चाललं होतं. ‘तू पाणी का पीत नाहीस’ हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि कबूल करते, गटाने, म्हणजे आम्हीही, विचारलं नव्हतं.

शेवटी तिच्यासाठी हात निघणारी आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला वळणारी खुर्ची मिळवली. सुताराकडून फळी करून घेतली. पाऊण इंची चांगलं प्लायवूड, सव्वादोन फूट लांब, नऊ इंच रुंद, दोन्ही टोकं उतरती, आणि कूस लागू नये म्हणून पॉलिश पेपरने घासून घासून गुळगुळीत. कमोडची खुर्ची चाकाच्या खुर्चीच्या उंचीला आणली. ब्रेक लावायचे, एका बाजूचा हात काढायचा, फळीचं एक टोक मांडीखाली आणि दुसरं कमोडवर, की ढुंगण थोडं थोडं उचलत सरकायचं. पहिले पंधरा दिवस मी आणि दुसरी एक मैत्रीण शेजारी उभ्या... म्हणजे ती उभी, मी बसलेली. आता ती दिवसातून पाच वेळा स्वतःची स्वतः जाते. दीर त्याच घरात आहे. त्याच्याबद्दल आणखी काय करायचं ते तिचं ती ठरवते आहे, आणि आम्ही तिच्याबरोबर आहोत. पण त्याच्या हातांवाचून तिचं अडत नाही.

तेव्हापासून प्रत्येक वस्तूला मी एकच प्रश्न लावते. हिच्यामुळे मला कुणाला हाक मारायची वेळ कमी येईल की वाढेल?

पाठीमागची पिशवी घ्या. ती ढकलणाऱ्याच्या सोयीची असते. माझा हात पोचत नाही, म्हणजे माझेच पैसे मी दुसऱ्याला काढायला सांगायचे. शिवाय ती जड भरली तर चढावर खुर्ची मागे उलटते. मी बैठकीखाली जाळीची पिशवी बांधली आहे आणि पाकीट मांडीच्या बाजूला शिवलेल्या खिशात असतं. पट्टा घ्यायचा तर बक्कल पुढे हवं आणि ते तिला स्वतःला उघडता आलं पाहिजे. बक्कल मागे असलेला पट्टा म्हणजे बांधून ठेवणं. ब्रेकची दांडी आखूड असेल तर तिच्यात प्लंबरकडचा पाइपाचा तुकडा घट्ट बसवला की जोर कमी लागतो. आणि हे ब्रेक टायरला दाबूनच धरतात, हवा कमी झाली की ते धरत नाहीत. तेव्हा सायकलचा पंप ही चैन नव्हे.

साडी नेसणाऱ्यांसाठी चाक आणि मांडी यांच्यामध्ये पत्रा हवाच. माझा पदर एकदा स्पोकमध्ये गुंडाळला गेला आणि गळा आवळायची वेळ आली. प्लास्टिकच्या जुन्या पिंपाचा तुकडा कापून सायकलवाल्याने तो बसवून दिला. स्वयंपाक करत असाल तर मांडीवर ठेवायचा, कडा असलेला लाकडी पाट करून घ्या. त्यावर भाजी चिरता येते, आणि मुख्य म्हणजे गरम पातेलं थेट मांडीवर येत नाही. संवेदना नसलेली मांडी भाजली तर वास आल्यावर कळतं. पावसात छत्रीचा दांडा अडकवायच्या फंदात पडू नका, दोन्ही हात चाकांवर लागतात. मोठा रेनकोट बरा. बाकी भोंगा, पेल्याची कडी वगैरे हौसेनं घ्यावं. मीही लाल रंगाचे सायकलचे हातमोजे घेतले आहेत, आणि लाल का, तर लाल म्हणून!

हौसेला हसू नका. अमेरिकेत मॅरिलिन हॅमिल्टन नावाची बाई सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ग्लायडरवरून पडून खुर्चीत आली. दवाखान्यातली जडशीळ खुर्ची तिला मानवेना. ग्लायडर बांधणाऱ्या दोन मित्रांना तिने सांगितलं, याच ॲल्युमिनियमच्या नळ्यांची मला खुर्ची करून द्या. त्यातून हलक्या, रंगीत खुर्च्यांचा कारखाना उभा राहिला. बसणारीनं तक्रार केली म्हणून खुर्ची बदलली.

आता तुमच्या गटांबद्दल. खुर्च्यावाटपाचे कार्यक्रम होतात, हार होतात, फोटो निघतात. सगळ्या खुर्च्या एका मापाच्या, आणि उशी बहुधा नसतेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली खुर्च्यांबद्दल मार्गदर्शिका काढली. तिच्यात खुर्ची वापरणाऱ्याच्या गरजेला, मापाला आणि ती जिथे राहते त्या जागेला जुळली पाहिजे, असं स्पष्ट म्हटलं आहे. साधनं देण्याची केंद्र सरकारची ‘एडिप’ योजना १९८१ पासूनची आहे, २०१६ चा अपंग हक्क कायदा आहे. अर्ज भरायला मदत कराल तेव्हा तिच्या घरी जा. दाराची रुंदी, मोरीचा उंबरठा, पलंगाची उंची मोजा. आणि घरातले पुरुष बाहेर गेल्यावर तिला विचारा, तुला कोण उचलतं? दिवसभरात पाणी किती पितेस?

जेवणाच्या सुट्टीत मी त्या खिडकीपाशी असेन. फळी आणली आहे, एक चांगली उशी आणि एक मेलेली उशीही आणली आहे. दोन्हींवर बसून बघा, हात घालून बघा. मला तिकडे कुणी ढकलत नेऊ नका, माझ्या खुर्चीच्या मागच्या मुठी मी दुमडून ठेवल्या आहेत. फक्त वाटेतल्या सतरंज्या तेवढ्या उचला.