शब्दाला जागणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या मराठीत शब्द ही नुसती बोलायची गोष्ट नाही. आपण शब्द देतो, शब्द टाकतो, शब्द पाळतो आणि एखाद्याबद्दल फारच आदर असला, तर त्याचा शब्द खाली पडू देत नाही. रेडिओ ऐकणाऱ्याला तर हे लगेच पटावं. तुम्हाला माझा चेहरा दिसत नाही, टोपी दिसत नाही, दाढी आहे की नाही तेही कळत नाही. तुमच्यापर्यंत पोचतो तो फक्त माझ्या तोंडून निघालेला शब्द.

या शब्दाकडे ख्रिस्ती परंपरेनं कसं पाहिलं, याबद्दल आज बोलायचं आहे. हा विषय एका मुसलमान कवीकडे कसा, असं कुणाच्या मनात आलं असेल. त्याची कारणं दोन. माझं लहानपण गुरुवार पेठेच्या आसपास गेलं. पंचहौद मिशनच्या घंटा आणि आमच्या मशिदीतली अजान, दोन्ही ऐकत मी वाढलो. दुसरं कारण असं, की कुराणात हजरत ईसा यांना अल्लाहचा ‘कलमा’, म्हणजे शब्द, म्हटलेलं आहे. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवातही शब्दापासूनच होते. ख्रिस्ती माणूस मानतो, की तो शब्द देह धारण करून माणसांत राहिला. आम्ही तसं मानत नाही. फरक मोठा आहे आणि तो लपवण्यात काही शहाणपण नाही. पण ईश्वरानं माणसाशी नातं जोडलं ते शब्दानं, इथपर्यंत आमची वाट एकच आहे.

बायबलमध्ये याकोबाचं एक छोटंसं पत्र आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायात जिभेबद्दल जे सांगितलं आहे, ते शेतकऱ्याला, नावाड्याला, कुणालाही कळेल असं आहे. घोडा केवढा, पण लगाम त्याला वळवतो. तारू केवढं, पण लहानसं सुकाणू त्याला दिशा देतं. आणि एका ठिणगीनं अख्खं रान पेटतं. जीभ तशी आहे. याकोबाचा खरा सवाल पुढे आहे. ज्या तोंडानं देवाची स्तुती करायची, त्याच तोंडानं देवाच्या लेकरांना शाप कसे द्यायचे? एका झऱ्यातून गोडं आणि कडू पाणी येतं का?

ख्रिस्तानं स्वतः याहून कठोर सांगितलं. शिष्य हात न धुता जेवतात, अशी तक्रार आली, तेव्हा तो म्हणाला, की तोंडात जातं त्यानं माणूस विटाळत नाही, तोंडातून निघतं त्यानं विटाळतो.

हे वाचताना पुणेकराला आपल्याच गावची एक गोष्ट आठवावी. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं आणि त्यानंतर चहा-बिस्किटं आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. नावं छापून आली आणि गावात ग्रामण्य उभं राहिलं. कुणी चहा प्यायला, कुणी कपाला नुसता हात लावला, प्रायश्चित्त कुणी घ्यायचं, हा वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. तोंडात काय गेलं, याचा हिशेब शहरानं काही वर्षं मांडला. तोंडातून काय निघालं, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

तो ठेवायला हवा होता, कारण त्याच सुमारास पंडिता रमाबाईंचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आलं होतं. विधवांना शिकवणाऱ्या या बाईंना तेव्हा ‘रेवरंडा’ म्हणून हिणवलं गेलं. ‘रेव्हरंड’ या आदराच्या पदवीला एक काना जोडला आणि तिची शिवी झाली. तीही विधवा बाईला! शब्दाशी खेळण्याचं कौशल्य आपल्याकडे कमी नव्हतं, त्या कौशल्यानं कुणाला जखम होते हे पाहायची सवय कमी होती.

आणि रमाबाईंनी आपला शब्द कशासाठी खर्च केला? १८८२ साली, ख्रिस्ती होण्याच्या आधीच, त्यांनी पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. वय अवघं चोवीस. त्यांनी सांगितलं, की बायकांना शिक्षिका हव्यात आणि डॉक्टरही बायकाच हव्यात. पुरुष डॉक्टरपुढे बाई आपलं दुखणं बोलत नाही आणि न बोलताच मरते. श्रोतेहो, न उच्चारलेल्या शब्दापायी जीव जातात, हे या मुलीनं सरकारच्या तोंडावर सांगितलं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून सगळं बायबल मराठीत आणलं. संस्कृतातल्या या विदुषीनं भाषा मात्र साधी निवडली, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईलाही कळावी अशी. १९२२ साली त्या गेल्या. ग्रंथ १९२४ साली निघाला, त्यांच्या मुक्तीतल्या बायकांनीच छापलेला.

त्याच्या कितीतरी आधी, १६१६ साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानं मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. जवळपास अकरा हजार ओव्या! नवा धर्म स्वीकारलेल्या माणसांना पुराण ऐकायची सवय होती. ती तुटल्याची रुखरुख त्यानं ओळखली आणि त्यांच्याच छंदात त्यांना ग्रंथ दिला. हे पुराण वाचण्यापेक्षा ऐकलं जास्त गेलं. पण त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज सत्तेनं लोकांची भाषा सोडवण्याचं फर्मान काढलं. तीन वर्षांत सगळ्यांनी पोर्तुगीज बोलावं, अशी मुदत घातली. शब्दालाच देव मानणाऱ्या धर्माच्या राजानं माणसांच्या तोंडातला शब्द काढून घ्यायला निघावं, याहून मोठा विरोध कोणता? ओव्या मात्र फर्मानाला पुरून उरल्या.

आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. हा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवड होताच विरोधाचे सूर उठले. चारशे वर्षं मराठीत ओव्या रचणाऱ्या समाजाला ‘तुम्ही मराठीचे कोण?’ असं विचारलं गेलं. २०२४ साली फादर गेले.

हा प्रश्न मला परका नाही. कविता वाचून खाली उतरलो, की कुणीतरी प्रेमानं हात हातात घेतं आणि म्हणतं, “तुम्ही मराठी किती छान बोलता हो!” म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. मी हसून सांगतो, “अहो, आमच्या घरातलीच आहे ती.” पण श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिल्यालाही साडेतीन शतकं उलटली. तरी अजून कौतुक होतं ते पाहुण्याचं. घरच्या माणसाचं असं कौतुक कुणी करत नाही.

माणूस सहज बोललेल्या प्रत्येक शब्दाचा जाब न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल, असं ख्रिस्तानं बजावलं आहे. आमच्याकडेही प्रत्येक शब्द टिपणारा फरिश्ता आहे. चांगलं बोला, नाहीतर गप्प राहा, असं पैगंबरांनी सांगितलं. पूर्वी शिवी द्यायला निदान समोर उभं राहावं लागे. आता मोबाइलवर आलेला मजकूर अंगठ्यानं पुढे ढकलला, की काम झालं. ‘मी थोडंच म्हटलं, मी फक्त पाठवलं!’ पण याकोबाच्या ठिणगीला ती कुणाच्या हातून पडली याच्याशी कर्तव्य नसतं. रान पेटायचं ते पेटतंच.

मग उपाय काय? दोन्ही धर्मांनी एक अगदी साधी गोष्ट दिली आहे. ख्रिस्तानं शिष्यांना सांगितलं, की कुठल्याही घरात शिरताना आधी ‘या घराला शांती असो’ म्हणा. ते घर शांतीचं असेल तर तुमची शांती तिथे राहील, नसेल तर तुमच्याकडे परत येईल. आजही मिस्सेत लोक शेजारच्याकडे वळून एकमेकांना शांती देतात. आमचा सलामही तोच. ख्रिस्ताच्या लोकांचा ‘शालोम’ आणि आमचा ‘सलाम’ एकाच मुळाचे. कुराण सांगतं, कुणी सलाम केला, तर त्याहून चांगला परत करा, निदान तेवढा तरी करा.

‘शांती असो’ म्हणणाऱ्यानं शांतीचा शब्द दिलेला असतो, मग समोर कुणीही असो. आणि दिलेल्या शब्दाला जागायचं, ही तर आपली मराठी रीतच आहे.