शिकवायला गेले, शिकून आले

श्रोतेहो, शहरातली शाळकरी पोरे एक बत्ती, एक झोळी आणि दोन पुस्तके घेऊन खेड्यात मास्तरकी करायला निघाली, तर काय काय गमती होतील? ही कल्पना नव्हे बरे का! कॅरिबियन समुद्रातल्या क्यूबा बेटावर १९६१ साली असे खरोखरच घडले.

त्या वेळी तिथल्या शंभर प्रौढांपैकी तेवीस-चोवीस जणांना अक्षरओळख नव्हती. एका वर्षात हे हटवायचे, असे सरकारने ठरवले. शिक्षक पुरेनात, म्हणून विद्यार्थ्यांना हाक दिली. एक लाखाच्या आसपास मुलेमुली निघाली. निम्म्याहून अधिक मुलीच! आईबापांची लेखी संमती घेतली, समुद्रकाठच्या वारादेरो गावी थोडे दिवस शिक्षण घेतले, आणि चालली वरात डोंगराकडे.

नियम असा, की ज्या शेतकऱ्याच्या घरी उतरायचे, त्याच्याबरोबर दिवसा राबायचे आणि रात्री बत्तीच्या उजेडात शिकवायचे. आता चित्र डोळ्यांपुढे आणा. दोन खांबांना बांधलेल्या झोळीत झोपायची सवय कुणाला? या कुशीवरून त्या कुशीवर वळावे, तो मास्तर जमिनीवर! सकाळी गाय पुढ्यात. दूध बाटलीतच पाहिलेली मुलगी तिच्याकडे बघते, गाय मुलीकडे बघते, आणि घरधनीण हात तोंडाशी नेते. हसून घ्यावे घरच्यांनी पोटभर!

रात्री मात्र डाव उलटायचा. जन्मभर कोयता धरलेल्या मुठीत पेन्सिल काही बसत नसे. जोर एवढा, की कागदच फाटायचा. कित्येकांना तर अक्षर दिसतच नव्हते. त्यांना चष्मे द्यावे लागले. पण सकाळी मास्तरच गायीपुढे फजीत झालेला! मग म्हाताऱ्याला पेन्सिलीची लाज कशाची?

शिक्षक बंधूंनो, हे वाचले आणि मला माझी एक चूक आठवली. कॉलेजात असताना आम्ही दहा-बारा मुले एका गावी दहा दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. दिवसा बंधारा घालायचा, रात्री देवळात प्रौढांचा वर्ग. पहिल्याच दिवशी मी घमेल्यासकट चिखलात लोळलो. काठावरचे एक आजोबा हसले नाहीत. "असं धरा, लेकरा," म्हणून त्यांनी घमेले कसे उचलायचे ते दाखवले. त्याच रात्री आजोबांनी पाटीवर 'क' उलटा काढला आणि आम्ही खदखदून हसलो. आजोबा पुन्हा वर्गाला आले नाहीत. त्यांनी मला शिकवले. मला मात्र त्यांना शिकवता आले नाही.

क्यूबातली ती मोहीम म्हणजे नुसती सहल नव्हती. पुस्तकांत सरकारचा प्रचार होताच. त्या धामधुमीच्या काळात कोनरादो बेनितेस आणि मानुएल आस्कुन्से या तरुण शिक्षकांच्या हत्याही झाल्या. तरीही पोरे मागे फिरली नाहीत. वर्षअखेर सात लाखांवर माणसे लिहू-वाचू लागली. शेवटची परीक्षा कसली, ठाऊक आहे? देशाचे पंतप्रधान फिदेल कास्त्रो यांना स्वतःच्या हाताने पत्र लिहायचे! २२ डिसेंबर १९६१ रोजी ही पोरे खांद्यावर भल्या मोठ्या पेन्सिली घेऊन हवाना शहरात मिरवली.

आपल्याकडेही १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली होती. गाव साक्षर झाले, की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. तेव्हा हे काम आपल्याला परके नाही. तुमच्या गावात अजूनही एखादी आजी अंगठा उठवीत असेल. तिच्याकडे पाटी घेऊन जरूर जा. पण आधी तिच्याकडून भाकरी थापायला शिका. तुमची भाकरी मोडेल, आजी हसेल. हसू द्या. मग पाटी पुढे करा.