गर्भपातानंतरची रजा आणि डॉक्टरांचा दाखला

गर्भधारणेच्या सव्विसाव्या आठवड्यापर्यंत गर्भ आपोआप पडल्यास किंवा तो कायदेशीर रीतीने काढावा लागल्यास, त्या दिवसानंतरचे सलग सहा आठवडे नोकरदार स्त्रीला भरपगारी रजा देण्याची तरतूद १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने केली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम राहिली. ही रजा मालकाची मेहेरबानी नसून हक्क आहे. मात्र त्यासाठी विहित पुरावा, म्हणजे व्यवहारात डॉक्टरांचा दाखला, सादर करावा लागतो.

अडचण येते ती नेमकी येथेच. अतिरक्तस्रावामुळे मध्यरात्री तातडीच्या विभागात आलेल्या स्त्रीच्या केसपेपरवर रक्तदाब, सोनोग्राफी, गर्भपिशवी साफ केल्याची वेळ असे सारे तपशील असतात, परंतु घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर पुष्कळदा केवळ 'विश्रांती घ्यावी' एवढाच शेरा असतो, आणि तेवढ्यावर कार्यालयाचे समाधान होत नाही. रजेची गणना गर्भपाताच्या दिवसापासून होत असल्याने, दाखल्यावर रुग्णालयातून सोडल्याची तारीख तेवढी लिहिली गेली, तर हिशेबच चुकतो.

गर्भपातातून पुढे जंतुसंसर्गासारखे आजारपण उद्भवल्यास आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळू शकते. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो. गर्भपात वैद्यकीय उपायांनी केलेला असल्यास स्त्रीची ओळख उघड करण्यावर कायद्याचे बंधन आहे. त्यामुळे दाखला सर्व सहकाऱ्यांच्या टेबलांवरून फिरवण्याऐवजी बंद पाकिटात थेट संबंधित अधिकाऱ्याकडे देणे अधिक योग्य ठरते.