वेळेवर सांगितलेली गोष्ट



डॉ. राजेंद्र भारूड आपल्या साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे. भिल्ल कुटुंबातला जन्म. वडील जन्माआधीच गेले. आई कमलबाईंनी मोहाची दारू विकून मुलं वाढवली. प्यायला येणारे लोक काही आणायला या पोराला पिटाळत आणि रुपया-दोन रुपये हातावर ठेवत. त्या पैशांतून त्यानं पुस्तकं घेतली.

तो पाचवीत असताना जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी आईला सांगितलं, की मुलगा फार हुशार आहे, त्याला चांगल्या शाळेत घाला. तो अक्कलकुव्याच्या जवाहर नवोदय विद्यालयात गेला. पुढे मुंबईत केईएमच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झाला, आयएएस झाला आणि ज्या नंदुरबार जिल्ह्यात शिकला, त्याच जिल्ह्याचा जिल्हाधिकारी झाला.

कष्ट त्या मायलेकांचे, यात शंका नाही. पण नवोदयमध्ये सहावी ते बारावी राहणं, जेवण, शिक्षण मोफत असलं, तरी ते माहीतच नसेल तर त्या घराला त्याचा काय उपयोग? शिक्षकांना हे सांगायला पैसे लागले नाहीत. मुलाकडे नीट पाहिलं आणि वेळेवर सांगितलं, एवढंच.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना अशा पाहण्या-सांगण्याची गरज अधिक असते. लहान मूल रडून मागतं. या वयातलं पोर मागत नाही. घरात पैसे नाहीत हे त्याला कळत असतं, म्हणून सहलीला 'नको', क्लासला 'नको' आणि एक दिवस शाळेलाही 'नको' म्हणतं. त्या 'नको'मागचं कारण विचारणारा एक मोठा माणूस भेटला, तर आपली कुणाला तरी किंमत आहे, एवढं त्या पोराला कळतं. पुढची कितीतरी वर्षं ते त्या बळावर काढतं.

अशा पोराला सांगण्यासारखंही आहे. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतलं गरीब घरचं मूल त्यात निवडलं गेलं, की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. खेड्यातल्या शाळकरी मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. पण फॉर्म, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं यांत अडकून कितीतरी मुलं मागे राहतात. त्यातच दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि आईबापांबरोबर मुलांचंही बिऱ्हाड हलतं.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. टोळी निघण्याआधी शेजारच्या घरी जाऊन बसा. पोर कितवीत आहे, मागे कुणाजवळ राहील, हे विचारा. त्याच्या आईला आपल्या अहिराणीतच सांगा, 'पोऱ्या हुशार शे, त्याले शिकू दे.' आणि नुसतं सांगून उठू नका. दाखल्यासाठी, फॉर्मसाठी त्या मुलाबरोबर स्वतः जा.