टायटॅनियमच्या सायकलीत नळीचं महत्त्व



जेवणानंतरच्या सत्रात सायकलीच्या नळ्यांवर बोलायचं म्हणजे मागच्या बाकांना झोपेची मुभाच. पण आपल्या बॅचमधले बरेच जण आता सायकलवर बसलेत आणि त्यातल्या दोघा-तिघांना निवृत्तीच्या पैशांतून टायटॅनियमची रोड बाइक घ्यायचीय. किंमत लाखांत. ‘टायटॅनियम आहे ना, मग झालं!’ असं ते म्हणतात. तसं नसतं, एवढंच सांगायला उभा आहे.

टायटॅनियम पोलादापेक्षा हलकं. घनता सुमारे 57 टक्के. पण ताठपणाही जवळपास निम्माच. पोलादी फ्रेमच्या मापाच्याच नळ्या टायटॅनियमच्या केल्या, तर चढावर उभं राहून पेडल मारताना फ्रेम खालून डावी-उजवीकडे डुलते. पुढे विमानांच्या हायड्रॉलिक नळ्यांसाठीचा मिश्रधातू सायकलींत आला: 3 टक्के ॲल्युमिनियम, 2.5 टक्के व्हॅनेडियम. त्याने बळकटी वाढली. ताठपणा मात्र जवळपास तेवढाच राहिला.

तो मिळतो व्यासातून. नळीची जाडी तीच ठेवून व्यास वाढवला, तर वजन व्यासाच्या पटीत वाढतं, पण ताठपणा व्यासाच्या घनाच्या पटीत! पोलादाची नळी 28.6 मिलिमीटरची असेल, तर तेवढ्याच जाडीची टायटॅनियमची नळी साधारण 35 मिलिमीटरची घ्या. ताठपणा सारखा, वजन जवळजवळ 30 टक्के कमी. सगळी किमया या आकड्यांत आहे.

मग व्यास वाढवत, जाडी घटवत का जाऊ नये? कोल्ड्रिंकचा रिकामा डबा अंगठ्याने दाबून बघा. फार पातळ नळीला लगेच पोचा पडतो. म्हणून चांगल्या फ्रेममध्ये काही नळ्या टोकांना जाड आणि मधे पातळ असतात, कारण ताण जोडापाशी जास्त. सगळ्या नळ्या एका मापाच्याही नसतात. हँडलखालून पेडलकडे येणारी डाउन ट्यूब जाडजूड हवी, पीळ तिच्यावर पडतो. सीटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या बारीक चालतात.

‘टायटॅनियम धक्के पितं’ हे वाक्य मात्र मला पटत नाही. फ्रेम म्हणजे त्रिकोण, तो उभ्या दिशेत फारसा दबत नाही. पाठीला आराम हवा असेल तर 25 ऐवजी 32 मिलिमीटरचे टायर बसतात का ते बघा आणि हवा जरा कमी ठेवा. फार स्वस्तात काम होईल.

बनवणाऱ्याला आपलं वजन खरं सांगा. (इथे बायकोसमोर सांगायचं नाहीये.) 60 किलोच्या स्वारासाठी निवडलेल्या नळ्या 90 किलोवाल्याला डुलणाऱ्या वाटतील. शिवाय वेल्डिंग करताना नळीच्या आतूनही अरगॉन वायू सोडतात का, हे विचारा. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होतं, आणि तडा जातो तो जोडापाशी, बाहेरून दिसत नाही तिथूनही. उत्तर द्यायला जो कंटाळेल, त्याच्याकडून घेऊ नका.